थोरली की धाकटी

माझ्या मामाला चपला घ्यायला एकट्याला पाठवू नये. पाठवलंच तर बरोबर डबा द्यावा, कारण तो दुपारच्या आत परत येत नाही. दोन जोड समोर मांडून घेतो, एकातली डाव्या पायात, दुसऱ्यातली उजव्या पायात, आणि दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत बसतो. शेवटी दुकानदारच हात जोडतो. मामीला पसंत करायलाही त्याने पाच महिने घेतले होते. मामी म्हणते, "मला पाचव्या मिनिटाला कळलं होतं की हे काम यांच्याकडून होणार नाही. मग मीच उरकलं."

एकतीस वर्षं तो विजेचे मीटर वाचत घरोघर हिंडला, म्हणून त्याचं नाव पडलं मीटरमामा. मीटर जिन्याखाली असो, दारामागे असो, कोळ्याच्या जाळ्यात असो, वाकायचं, आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. पुढे वाकणं सुटलं, वही राहिली. दूध किती वाजता आलं, पंखा कितीवर होता, मामी दिवसात किती वेळा ओरडली, सगळ्याची नोंद. निवृत्त झाल्यावर लोक झाडं लावतात, नाहीतर सुनेच्या मागे लागतात. मामाला अंगण नव्हतं आणि सूनही नव्हती. त्याने कॅमेरा घेतला.

कॅमेरा म्हणजे आताचा नव्हे हो. रेंजफाइंडर म्हणतात त्याला. सगळा धातूचा, बॅटरी नाही, स्क्रीन नाही, आत फिल्मचा रोल. डोळा लावायची खिडकी वरच्या कोपऱ्यात, लेन्स खाली मध्यभागी, दोघींचा एकमेकींशी संबंध नाही. खिडकीच्या मधोमध एक फिकट चौकोन असतो, त्यात समोरचं माणूस दोनदा दिसतं. लेन्सचं कडं फिरवत राहायचं, आणि दोन माणसांचं एक झालं की अंतर जुळलं. मामाने पहिल्या दिवशी तो मामीवर रोखला आणि आनंदाने ओरडला, "अगं, मला तू दोन दोन दिसतेयस!"

मामी म्हणाली, "एकीला सांभाळताना नाकी नऊ आले, दुसरीचं काय करणार आहात?"

मी त्याची भाची. बाजारात माझं फोटोचं दुकान आहे. मोबाइलमधले फोटो छापून देते, ओळखपत्राचे काढते, आणि मागच्या काळोख्या खोलीत अजून रोलही धुते. रोल आणून देणारी माणसं आता गावात चार उरलीत. तीन शहाणी आहेत, चौथा मामा. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात. त्या लोकांनी आधी माझ्या मामाने काढलेले विटांच्या भिंतीचे दोनशे फोटो धुऊन दाखवावेत, मग बोलावं.

भिंतीच्या फोटोंचं कारण असं. कोपऱ्यावरचा घड्याळवाला जुने कॅमेरेही दुरुस्त करतो. त्याने मामाला दोन जुन्या लेन्स आठवड्यासाठी दिल्या आणि सांगितलं, "एक ठेवा, एक सोमवारी परत आणा. दुसरं गिऱ्हाईक थांबलंय." मामासारख्या माणसाला असं सांगणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.

एक होती थोरली. जड, पितळेची, वरचा चकचकीत मुलामा बोटांनी झिजून आतलं पिवळं दिसणारी. तिच्यातून माणसं मऊ दिसायची, साखरझोपेतून उठल्यासारखी, पण बाजूने उजेड आला की सगळं धुकट. तिचं मूळ झाकण केव्हाच हरवलेलं. मामीने स्वतःच्या क्रीमच्या डबीचं गुलाबी झाकण आतून फडक्याची पट्टी चिकटवून दिलं, ते अगदी बेतून केल्यासारखं बसलं. दुसरी धाकटी. काळी, हलकी, वीसेक वर्षांनी लहान, आणि इतकी धारदार की भिंतीवरची मुंगी कुठल्या पायाने लंगडतेय तेही सांगेल. तिला तिचं स्वतःचं धातूचं झाकण होतं, फिरवून फिरवून काढायचं. मामी दोघींना सवती म्हणायची. "सवतींची पुसापुशी झाली असेल तर ताट वाढू का?"

मामाने तिवई लावून थोरलीने भिंत काढली, धाकटीने तीच भिंत काढली. थोरलीने वर्तमानपत्र काढलं, धाकटीने तेच काढलं. सकाळी, दुपारी, ढग असताना, ढग गेल्यावर. वहीची एकेचाळीस पानं भरली. निकाल काय? वीस पानांवर थोरली बरी, वीस पानांवर धाकटी बरी, आणि एका पानावर मामीने भाजीची यादी लिहिलेली.

"मामा, नाणं उडव," मी म्हटलं.

"कुठलं नाणं?" त्याने गंभीरपणे विचारलं. मी कपाळावर हात मारला.

पण आता जे सांगते त्यात चेष्टा नाही. मामी चौतीस वर्षं गावच्या लायब्ररीत ग्रंथपाल होती आणि त्या शुक्रवारी निवृत्त होत होती. त्या लायब्ररीची एक रीत आहे. निवृत्त झालेल्या ग्रंथपालाचा फोटो वाचनकक्षाच्या भिंतीवर लावतात. सात आधीच लटकलेत, आणि सातही असे बघतात की पुस्तक परत करायला उशीर आपणच केलाय. आठवा फोटो मामीचा. फ्रेमवाल्याकडे तो सोमवारी सकाळी द्यायचा होता.

मामी घरात हसते तेव्हा मान मागे जाते, डोळे मिटतात, तोंडावर हात न्यायला उशीर होतो आणि आवाज खालच्या जिन्यापर्यंत जातो. पण त्या हसण्याचा एक म्हणून फोटो नाही. कसा असेल? मामाचं नमनालाच घडाभर तेल. ती हसली की हा उठणार, उजेड मोजणार, वहीत लिहिणार, कडं फिरवणार. तोवर ते हसू पार निवून जायचं. मग डोळ्यांसमोर कॅमेरा दिसला की मामीचा चेहरा थेट ओळखपत्रावरचा.

मामा गुरुवारी माझ्या दुकानात आला आणि बाकावर बसून म्हणाला, "एकतीस वर्षं संध्याकाळी जिना चढताना मला ते हसू ऐकू यायचं. कोणाशी तरी बोलत असायची, शेजारणीशी, फोनवर. दुसऱ्या मजल्यापर्यंत पाय दुखायचे थांबायचे बघ. आणि आता त्या भिंतीवर ती कायमची रागावलेली लटकणार? छे! मला चालायचं नाही. ठरलं माझं. जी लेन्स हिचं हसू पकडेल ती राहील, दुसरी परत."

मामाच्या तोंडून "ठरलं" हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. मला भरून आलं. मी त्याला दोन रोल फुकट दिले. हे मी सहसा करत नाही, सख्ख्या नातेवाइकांना तर नाहीच.

शुक्रवारी दुकान सोडता येईना म्हणून मी निरोपसमारंभाला गेले नाही. संध्याकाळी मामा आला तो तरंगतच. खिशातून दोन रोल काढून त्याने काउंटरवर ठेवले, एकावर 'थो', दुसऱ्यावर 'धा'.

"पहिला रोल थोरलीने, दुसरा धाकटीने. अगं, काय सांगू! थोरली लावली आणि ही अशी हसत सुटली की बस. अध्यक्ष भाषण करतायत, ही हसतेय. हार घालतायत, ही हसतेय. मग मागचे सगळे हसायला लागले. शिपाई तर खुर्चीला धरून उभा होता! तेव्हा हिने काय केलं असेल? ओठांवर बोट ठेवलं, लायब्ररीत ठेवते ना, तसं, आणि डोळे मात्र हसतायत. अकरा नंबरचा फोटो. तो धुताना जपून हो."

"आणि धाकटी?"

"तिच्या वेळी थोडी गंभीर झाली. दमली असेल. पण आता प्रश्नच नाही ना! थोरली जिंकली."

शनिवारी सकाळी मी दोन्ही रोल एकाच टाकीत धुतले. मामा बाहेर बाकावर वही मांडीवर घेऊन बसलेला, दर पाच मिनिटांनी "झालं का गं?" आधी धाकटीचा रोल काढला. झकास. एकेक केस मोजून घ्यावा असा, आणि छत्तीसच्या छत्तीस फोटोंत मामी भिंतीवरच्या सातांची सख्खी बहीण. मग थोरलीचा काढला, दिव्यासमोर धरला, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. कोरा. आरपार कोरा. त्याच्यातून मला पलीकडचं कॅलेंडर वाचता येत होतं.

पहिला विचार आला तो आपल्यावरच. मेले, मीच घोळ घातला! पण नाही. फिल्मच्या कडेला कंपनीने छापलेले आकडे असतात, एक ते छत्तीस, ते स्वच्छ उमटले होते. म्हणजे धुण्यात खोट नाही. शिवाय एकाच टाकीतला दुसरा रोल उत्तम. म्हणजे उजेड आत गेलाच नाही. मी पडद्याआडून जपून विचारलं, "मामा, रोल पुढे सरकत होता ना?"

"छत्तीस वेळा. नोंद आहे."

"वही दे बघू जरा."

वहीत सगळं होतं. अंतर, उजेड, वेळ, मामी कुठे उभी, अध्यक्षांनी किती मिनिटं खाल्ली. प्रत्येक गोष्टीला रकाना. मी शेवटचा प्रश्न टाकला, "मामा, लेन्स बदललीस तेव्हा थोरलीचं झाकण कुठे ठेवलं होतंस?"

"ठेवायचं कशाला? लावलेलंच होतं की," मामा अभिमानाने म्हणाला. "शिस्त म्हणतात याला."

मी जीभ चावली. रक्त यायचं बाकी राहिलं. या कॅमेऱ्यातून बघणाऱ्याला स्वतःच्या लेन्सवरचं झाकण दिसत नाही, कारण तो बघतो वरच्या खिडकीतून. ते दिसतं फक्त समोरच्याला. आणि समोर तर अख्खी लायब्ररी उभी होती.

"ओला आहे रोल," मी थाप मारली. "आज दमट हवा आहे, उद्यापर्यंत वाळणार नाही. तू बस इथेच, गिऱ्हाईक बघ, मी आलेच." आणि चपला घालून थेट मामीकडे निघाले. डोकं सणकलं होतं माझं.

मामी जमिनीवर बसून कपाटातली पुस्तकं पुसत होती. मला दारात बघितलं आणि पुस्तक खाली ठेवून म्हणाली, "कोरा निघाला ना?"

"म्हणजे तुला माहीत होतं!"

झालं. मान मागे गेली, डोळे मिटले, आणि आवाज जिन्यात. मला इतका राग आला की मीही हसायला लागले.

"अगं, पहिल्याच फोटोला दिसलं," मामी डोळे पुसत म्हणाली. "अध्यक्ष माझ्या सेवेबद्दल बोलतायत, आणि हे समोर उभे, एक डोळा मिटलेला, जिभेचं टोक बाहेर, आणि माझ्या क्रीमच्या झाकणाने माझा फोटो काढतायत. गुलाबी! शिपाई सांगायला पुढे निघाला होता. मी ओठांवर बोट ठेवलं. चौतीस वर्षं त्या बोटापुढे तिथे कुणी ब्र काढलेला नाही, काल तरी कसा काढतील?"

"पण का, मामी? तो माणूस तिकडे बाकावर बसलाय. अकरा नंबर जपून धू म्हणतोय!"

मामीने खाली ठेवलेलं पुस्तक उचलून परत पुसायला घेतलं. "सकाळपासून रडू दाबून होते गं मी," ती म्हणाली. "किल्ल्या देताना दोनदा मोजल्या. मला वाटलं, आता ह्या सगळ्यांसमोर मी रडणार, नाक लाल करून घरी येणार. आणि तेवढ्यात ते झाकण दिसलं. म्हटलं, राहू दे बाई. हसत तरी बाहेर पडेन. मग यांनी लेन्स बदलली, झाकण गेलं, आणि दाबलेलं रडू परत वर आलं."

"छत्तीस वेळा," दारातून आवाज आला.

मामा. वही छातीशी धरून उभा. गिऱ्हाईक बघ म्हटलं तर हा पडद्याआड डोकावून, दुकान उघडं टाकून माझ्या मागोमाग आला होता. कोरा रोल आणि ओला रोल ह्यातला फरक एकतीस वर्षं आकडे वाचलेल्या माणसाला कळणार नाही असं मला वाटलं, ही माझी चूक.

"छत्तीस वेळा तुला दिसलं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला, "आणि एकदाही तू म्हणाली नाहीस, की अहो, झाकण काढा. माझं हसं झालं ते सोड. भिंतीवरच्या फोटोचं काय? सोमवारी काय देणार आहे मी त्यांना?"

मामी उठली. पदराने हात पुसले आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आणि तुम्ही छत्तीस वेळा माझ्याकडे बघितलंत," ती म्हणाली. "अंतर बघितलंत, उजेड बघितलात, दोन बायकांची एक केलीत. एकदा तरी विचारलंत का, की बाई गं, आज तू एवढी का हसतेयस?"

मामाने वहीकडे बघितलं, जणू तिथे उत्तराची नोंद असेल. मग वही पुस्तकांच्या ढिगावर ठेवली आणि आतल्या खोलीत निघून गेला. मामीचा चेहरा खर्रकन उतरला. "जास्त बोलले का गं मी?" तिने मला विचारलं. आतून खुडबुड ऐकू येत होती. मला वाटलं, आता दोन्ही लेन्स पिशवीत भरून घड्याळवाल्याकडे परत निघतोय.

मामा बाहेर आला तो कॅमेरा घेऊन. कॅमेऱ्यावर थोरली, आणि थोरलीवर गुलाबी झाकण. तो मामीसमोर उभा राहिला. एक डोळा मिटला. जिभेचं टोक बाहेर काढलं. आणि अगदी मन लावून, गंभीरपणे, झाकणातून मामीचा फोटो काढायला लागला.

मामीने ओठ दाबून धरले. "पुरे हं," म्हणाली. मामाने कडं थोडं फिरवलं, मान तिरकी केली, म्हणाला, "हनुवटी जरा वर." मामीचं नाक थरथरलं. "अहो, पुरे म्हणते ना!" आणि तिचा बांध फुटला. मान मागे जायला लागली त्या क्षणाला मामाने डाव्या हाताने ते झाकण खस्सकन ओढून काढलं आणि बटण दाबलं. उजेड मोजला नाही. दोन बायकांची एक केली नाही. वहीला हात लावला नाही.

मग त्याने रोल गुंडाळला, काढला आणि माझ्या हातात दिला. "धू."

"मामा, एकच फोटो झालाय. पस्तीस फुकट जातील."

"जाऊ देत," मामा म्हणाला. मी त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

तो फोटो थोडा हललाय. बाजूच्या खिडकीतला उजेड थोरलीत शिरून डावा कोपरा धुकट झालाय. धाकटीने काढला असता तर मामीचा एकेक पांढरा केस दिसला असता, इथे नुसती चंदेरी झाक आहे. मान मागे, डोळे मिटलेले, आणि बोट ओठांकडे निघालंय पण पोचलेलं नाही. काळोख्या खोलीत कागदावर ती हळूहळू उमटायला लागली तेव्हा मी एकटीच होते, आणि मला तिचं हसू ऐकू आलं. खोटं सांगत नाही. बाहेर येऊन मी मामाला मिठी मारली, आणि उघडं टाकलेल्या दुकानाबद्दल दोन शब्द सुनावले, तेही त्याच मिठीत.

सोमवारी अध्यक्षांनी फोटो बघून चष्मा पुसला. म्हणाले, "छान आहे, पण जरा हललाय. आणि बाकीच्या सात जणांमध्ये हे हसणं जरा..." मामीने ओठांवर बोट ठेवलं. फोटो फ्रेमवाल्याकडे गेला.

त्याच संध्याकाळी मामा घड्याळवाल्याकडे गेला. मुद्दाम बघायला म्हणून मीही गेले. मामाने धाकटी काउंटरवर ठेवली, झाकण नीट फिरवून बसवलेलं. घड्याळवाल्याने डोळ्यावरचं भिंग वर सरकवलं. "ही परत? अहो, दोघींत ही सरस. सगळे हीच मागतात. त्या थोरलीत उजेड शिरतो, कडं जड आहे, काचेवर ओरखडा आहे. एकेचाळीस पानं भरलीत म्हणता, मग असं काय सापडलं तुम्हाला तिच्यात?"

मामाने खिशातून थोरली काढली, तिचं गुलाबी झाकण एकदा काढलं आणि परत बसवलं.

"हे झाकण धाकटीला बसत नाही," तो म्हणाला.